अंगठ्याची साक्ष

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. टेंभली आमच्या शहादा तालुक्यातलं. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. त्या काळात मी या भागातल्या बायकांच्या बचत गटांचं काम करत होते, आजही करते. पुढची बरीच वर्षं मी आधारची कट्टर समर्थक होते आणि ‘आमच्या खासगी माहितीचं काय?’ असं विचारणाऱ्यांची तितकीच कट्टर विरोधक. यातली पहिली गोष्ट बऱ्याच अंशी अजून खरी आहे. दुसरी राहिलेली नाही.

माझं जुनं मत आधी नीट मांडते. ते विचार न करता बनलेलं नव्हतं आणि अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांचं आजही तेच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावांत बाईकडे स्वतःचा म्हणावा असा कागदच नसायचा. जन्म घरी झालेला, म्हणून जन्माचा दाखला नाही. शाळा नाही, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, सातबारा दिराच्या. मतदार यादीत तिचं नाव असायचं, पण तिथे माहेरचं आणि सासरचं सोडून तिसरंच काहीतरी छापलेलं. नवरा गेला की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन ती तहसील कचेरीत जायची आणि ती कोण आहे हे सांगायला तिला सोबत पोलीस पाटील, सरपंच किंवा दीर न्यावा लागायचा. दिराशी पटत नसेल तर अर्ज तिथेच अडायचा. बँकेत खातं उघडायला ओळख देणारा जुना खातेदार लागायचा, आणि तो गावात बहुतेक वेळा सावकारी करणाराच असायचा.

या बाईच्या हातात तिच्या नावाचं, तिच्या फोटोचं कार्ड आलं. २८ ऑगस्ट २०१४ला जनधन योजना सुरू झाली आणि तिचं खातं उघडलं. रोजगार हमीची मजुरी, निराधारचं अनुदान थेट खात्यावर येऊ लागलं. मधल्या माणसाने दोनशे रुपये कापून घेणं कमी झालं. हे सगळं मी पाहिलं आहे आणि त्याचं मोल आजही कमी मानत नाही.

म्हणून शहरातली शिकलेली मंडळी खासगीपणाबद्दल बोलायची, तेव्हा मला राग यायचा. ज्यांच्या कपाटात पासपोर्ट आहे, वाहन परवाना आहे, पॅन आहे, त्यांनी चौथ्या कार्डाची भीती बाळगावी. पण जिच्याकडे एकही कागद नाही तिच्या वाटेत उभं राहू नये, असं मी सभांमधून बोलले आहे. जिची ओळख कुणी मान्यच करत नाही, तिची ओळख चोरणार कोण? आणि चोरून मिळणार काय? खात्यात चार-पाचशे रुपये. चोर ज्याच्याकडे माल आहे त्याच्याकडे जातो, असा माझा साधा हिशेब होता.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या सुनावणीत सरकारी बाजूने असाही मुद्दा आला होता, की खासगीपणाची मागणी मूठभर वरच्या वर्गाची आहे आणि गरिबाला अन्न, निवारा, अनुदान आधी हवं. न्यायालयाने तो मुद्दा स्पष्टपणे नाकारला. मला तेव्हा न्यायालयाचं पटलं नव्हतं. जो मुद्दा फेटाळला गेला तो माझाच होता, आणि न्यायमूर्तींना खेडं माहीत नाही असं मी म्हणाले होते.

मत बदलायला एक प्रसंग कारण झाला, पण तो एकटाच नाही. त्यानंतर जे जे समजत गेलं त्याने ते बदललं.

आमच्या एका गटातल्या मावशी, विधवा, दिवाळीनंतर मुलगा-सुनेसोबत गुजरातेत ऊसतोडीला जायच्या. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर जातात आणि होळीच्या आसपास किंवा त्यानंतर परततात. मावशींनी निराधारचं अनुदान खात्यातच राहू दिलं होतं. घरावर पत्रे टाकायचे होते. परत आल्यावर पासबुक भरून घेतलं तर शिल्लक जवळजवळ शून्य. वेगवेगळ्या तारखांना पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, सगळ्या अंगठा लावून, दुसऱ्याच राज्यातल्या केंद्रावरून.

मी त्यांच्यासोबत बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, “अंगठा जुळलाय. म्हणजे व्यवहार तुमचाच आहे.” मावशी म्हणाल्या, “साहेब, मी तर कारखान्यावर होते. माझा अंगठा माझ्याजवळच होता.” तो काही वाईट माणूस नव्हता. पण पडदा जे सांगत होता त्यापुढे समोर उभ्या असलेल्या बाईचं बोलणं त्याच्या लेखी पुरावाच नव्हतं.

मला तो क्षण फार जड गेला. आधी कागद नव्हता म्हणून या बाईचं कुणी ऐकत नव्हतं. आता कागद होता, आणि तिच्या शब्दापेक्षा कागदावर जास्त विश्वास होता. ज्या कार्डासाठी मी गावोगाव फिरले, तेच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

हे घडतं कसं, ते समजून घेतल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं कळणार नाही. गावात ज्याला आपण ‘अंगठा लावून पैसे काढणं’ म्हणतो, त्या व्यवस्थेचं नाव ‘आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टम’. गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या बँक मित्राकडे लहान यंत्र असतं. त्यात आधार क्रमांक टाकायचा, बँक निवडायची, अंगठा ठेवायचा, की पैसे मिळतात. एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि तिचा धोकाही नेमका इथेच आहे. ओटीपी कुणाला देऊ नका, ही शिकवण आपण इतकी वर्षं घोकतो आहोत. इथे ओटीपीचा संबंधच नाही. क्रमांक आणि ठसा, दोन गोष्टी जमल्या की काम झालं. यातला क्रमांक झेरॉक्सवर सापडतो. ठसाही सापडतो, हे मला माहीत नव्हतं.

तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८मध्ये एक सिमकार्ड विक्रेता पकडला गेला. त्याने जमिनीच्या नोंदणी झालेल्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे घेतले, रबरी शिक्के बनवणाऱ्या यंत्रावर त्यांच्या प्रती तयार केल्या आणि हजारो सिमकार्डं त्या लोकांच्या नावावर सुरू केली, विक्रीचं ठरवून दिलेलं लक्ष्य गाठण्यासाठी. २०२३मध्ये बेंगळुरूत मालमत्ता नोंदणीनंतर लोकांच्या खात्यांतून अंगठ्याने पैसे जाऊ लागले. तपासात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांवरून ठसे घेतल्याचं पुढे आलं. म्हणजे यात लोकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. सरकारी कचेरीत, सरकारने मागितलं म्हणून, सरकारी कागदावर अंगठा उमटवला होता.

मग मी मावशींसोबत बसून यादी केली, की मागच्या दोनेक वर्षांत त्यांनी अंगठा कुठे कुठे दिला. रेशन दुकानात दर महिन्याला. बँक मित्राकडे. मोबाईलचं सिम घेताना. निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी. गॅसच्या केवायसीला. गावात आलेल्या कुठल्याशा शिबिरात, ते कशाचं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. आणि नवरा गेल्यानंतर दिराने करून घेतलेल्या हक्कसोडपत्रावर, दुय्यम निबंधक कार्यालयात. त्या कागदाने त्यांची जमीन गेली होती. खात्यातले पैसेही त्याच कागदावरून गेले की आणखी कुठून, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण यादी पाहून एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. माझ्यासारख्या पेन्शनर बाईला वर्षातून फार तर एक-दोनदा कुठे बोट ठेवावं लागतं. मावशींना महिन्यातून कितीदा तरी. माणूस जितका गरीब, तितका तो योजनांवर अवलंबून. जितका योजनांवर अवलंबून, तितक्या जास्त हातांत त्याची ओळख. खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे हे माझं म्हणणं इथे पूर्ण उलटं झालं. श्रीमंताला तो विकत मिळतो. गरिबाला त्याची गरज जास्त आहे आणि तो मिळत मात्र नाही.

चोर चार-पाचशे रुपयांसाठी येणार नाही, हा हिशेबही चुकीचाच होता. एका खात्यातून थोडे थोडे असे शेकडो खात्यांतून काढले, की एकेक तक्रार इतकी लहान राहते की ठाण्यात ती कुणी मनावर घेत नाही. शिवाय पैसे हा चोरीचा एकच भाग. तुमच्या नावावर सिम निघतं, त्या सिमवरून तिसऱ्याला फसवलं जातं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. तुमच्या पॅनवर कर्ज निघतं. २०२२मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांच्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यांचा सिबिल स्कोअर खाली गेला. ओळख चोरणाऱ्याला माणूस मोठा की लहान याचं काही नसतं. फरक नंतर पडतो. राव यांनी लिहिलं ते देशाने वाचलं. मावशींचं ऐकायला काउंटरवरचा एक माणूसही तयार नव्हता.

यानंतर उपाय शोधायला लागले, तेव्हा मला या प्रश्नाची खरी खोली कळली.

आधारचा ठसा ‘लॉक’ करता येतो. एम-आधार ॲपवर किंवा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जाऊन लॉक केलं, की कुणीही, अगदी स्वतः तुम्हीही, बोटाने पडताळणी करू शकत नाही. मी माझा ठसा लगेच लॉक केला, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावा असं सांगते. पण लॉक करायला आधारशी जोडलेला मोबाईल हवा, त्यावर आलेला ओटीपी वाचता यायला हवा. आणि मावशींनी लॉक केलं तर रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचं बोट चालणार नाही, बँक मित्राकडेही नाही. दर वेळी आधी उघडायचं, मग परत बंद करायचं. ज्या दारातून रोज ये-जा करावी लागते त्याला कुलूप लावून किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवल्यासारखं ते आहे. कारण त्यांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा, तो मुलगा कधी सुरतेला, कधी अंकलेश्वरला. काही बायकांच्या खात्याला मुकादमाचा नंबर जोडलेला मी स्वतः पाहिला आहे. पैसे निघाल्याचा संदेश आलाच, तर तो मुकादमाला येणार, इंग्रजीत.

ज्या कुलपाचा मला उपयोग आहे ते मला मिळालं. जिला सगळ्यात जास्त गरज, तिला ते लावताच येत नाही.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं एक परिपत्रक आहे. ते प्रत्येक खातेदाराने वाचावं, निदान कुणाकडून वाचून घ्यावं. बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारे तिसऱ्यानेच पैसे उडवले असतील, आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर ग्राहकावर काहीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत केली तर मर्यादित जबाबदारी. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. याच परिपत्रकात आणखी एक वाक्य आहे, जे मला आधी माहीत असतं तर काउंटरवर मी निमूट उभी राहिले नसते: व्यवहार ग्राहकाच्या दोषाने झाला हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ‘अंगठा जुळला म्हणजे तुम्हीच’ हा पुरावा होत नाही. त्या दिवशी मावशी कारखान्याच्या टोळीत होत्या, हजेरी होती, मुकादमाच्या वहीत नोंद होती. आम्ही ते सगळं जोडून बँकेला लिहिलं, मग बँकिंग लोकपालांकडे गेलो. पैसे परत आले. मधे एक पावसाळा गेला, तो त्यांनी गळक्या घरात काढला.

पण ते तीन दिवस बघा. हा नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुठला माणूस असेल? ज्याच्या खिशातल्या फोनवर संदेश येतो, जो तो वाचतो, ज्याला रजा मिळते. फडावर कोयता चालवणाऱ्या बाईला पैसे गेल्याचं कळतं ते पासबुक भरल्यावर, म्हणजे चार-पाच महिन्यांनी. संदेश तिला मिळालाच नव्हता, म्हणून तीन दिवस पासबुक पाहिल्यापासून मोजा, असं आम्ही भांडलो. दर वेळी भांडायला कुणीतरी सोबत असेल असं नाही.

सुरुवातीला मीही इतरांसारखीच शिकवण द्यायला लागले होते. गटाच्या बैठकीत सांगायचे, कागद कुणाला देऊ नका, अंगठा विचारून लावा, अनोळखी फोन उचलू नका. सगळं बरोबरच होतं. पण २०२४च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले आणि माझी शिकवण किती अपुरी आहे ते दिसलं. त्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानांपुढे, सेतू केंद्रांपुढे, अंगणवाड्यांपुढे बायकांची रीघ होती. आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो. दुकानदार म्हणायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मी प्रिंट काढतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनमध्ये अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोटो आणि मोबाईल नंबर. तो माणूस प्रामाणिक असेल, आमचा तर होताच. पण त्याचा फोन हरवला तर? विकला तर? पुढच्या महिन्यांत मुंबईत मानखुर्दला काही जणांनी या योजनेचे पैसे मिळवून देतो म्हणून बायकांकडून कागद घेतले आणि त्यांच्या नावावर महागडे मोबाईल कर्जाने उचलले, अशी बातमी आली. योजनेची केवायसी सुरू झाल्यावर खोटी संकेतस्थळंही निघाली. दीड हजार रुपये महिना मिळणार असतील तर कुठली बाई झेरॉक्सवाल्याला सांगेल, की माझा कागद तुझ्या फोनवर नको? आणि का सांगावं तिने? कागद मागणाऱ्यांनी तो सांभाळायचा असतो.

मला इथे सरकारचीही द्विधा मनःस्थिती दिसते. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली, की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी ‘मास्क्ड आधार’ द्या. मास्क्ड आधारवर पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. सूचना अगदी योग्य होती. दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली, तिचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून. मास्क्ड आधारची सोय राहिली, पण ती घेऊन गेलं की कचेरीतला कारकून म्हणतो, “हे चालत नाही, पूर्ण नंबरवालं आणा.” मी गेले तर मी वाद घालते, आणि बहुतेक वेळा तो मान्य करतो. आमच्या गटातली पोर गेली तर तिचा अर्ज परत येतो, आणि पुढची तारीख आठ दिवसांनंतरची. म्हणून ‘ताई, तुम्ही सांगता ते बरोबर आहे, पण आम्हाला परवडत नाही’ असं त्या म्हणतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. ‘हे कशाला हवंय?’ एवढा साधा प्रश्न विचारायलाही अंगावर थोडं वजन लागतं.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६क हे कलम दुसऱ्याची ओळख वापरून केलेल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. पण त्यासाठी चोर सापडावा लागतो. ज्याने माहिती गोळा केली आणि निष्काळजीपणे सांडली, त्याचं काय? त्यासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. दंड २५० कोटींपर्यंत. आकडा वाचून बरं वाटलं. पुढे वाचल्यावर मन खट्टू झालं. तो दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. जिची माहिती गेली तिला त्यातून काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३अ हे कलम आहे, ज्याखाली कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. नवा कायदा ते कलमच वगळतो. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मावशींना कुणाला झालेला दंड नको होता. त्यांना पत्रे हवे होते.

काही सुधारणा झाल्या, त्याही सांगायला हव्यात. फेब्रुवारी २०२३मध्ये प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ओळखणारी तपासणी आणली. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने अंगठ्याची यंत्रं ज्यांच्या हाती दिली जातात त्यांची नीट छाननी करण्याचे निर्देश बँकांना दिले, ते १ जानेवारी २०२६पासून लागू झाले. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहता येतं, आम्ही बैठकीत एकेकीचं पाहतो. एकीच्या नावावर तिने कधीच न घेतलेले नंबर निघाले, ते बंद करायला लावले. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढून देतो. पैसे गेले तर फोन करायचा सायबर हेल्पलाइनचा १९३० हा नंबर प्रत्येकीच्या घरात, चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहायला सांगितला आहे. गटाच्या कपाटात सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स असायच्या, त्या आता नाहीत. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत असले की आमचं काम भागतं. लाभार्थ्यांच्या याद्या खाते क्रमांकासह गावाच्या ग्रुपवर टाकू नका, हे ग्रामसेवकांना लेखी दिलं आहे. तलाठी कार्यालयात जाणाऱ्या प्रत्येक झेरॉक्सवर आम्ही आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला, ते लिहितो.

माझे एक जुने सहकारी या सगळ्यावर नाराज आहेत. ते म्हणतात, इतक्या कष्टाने बायकांना बँकेपर्यंत आणलं, आता तुम्ही त्यांना घाबरवताय. त्या पुन्हा पैसे डब्यात ठेवायला लागतील आणि नवरा ते घेऊन जाईल. ही भीती खोटी नाही. एक-दोघींनी खात्यात पैसे ठेवणं खरंच कमी केलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण त्यावर उपाय त्यांना न सांगणं हा नाही. आधार रद्द करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी आजही नाही; कागद नसण्याचं दुःख मी फार जवळून पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की कागद देणाऱ्याने तो देऊन हात झटकायचे नाहीत. ज्या यंत्राने तिच्या खात्यातून पैसे निघतात, त्या यंत्राचं दार बँकेने मुळात बंदच ठेवावं आणि तिने मागितलं तर उघडावं. आज आहे ते उलटं: दार उघडंच असतं, आणि ते उघडं आहे हे तिला कुणी सांगत नाही.

तोपर्यंत जे हातात आहे ते आम्ही करतो. दिवाळी झाली, की टोळ्यांच्या गाड्या भरायला लागायच्या आधी गटातल्या ज्या बायका ऊसतोडीला जाणार त्यांना घेऊन बँकेत जातो. ‘मी अमुक महिन्यापर्यंत गावी नाही, माझ्या खात्यावरची अंगठ्याने पैसे काढण्याची सोय तोवर बंद ठेवावी’ असा अर्ज देतो. काही शाखाधिकारी तो घेतात आणि तिथल्या तिथे सोय बंद करतात. काही म्हणतात, असा छापील फॉर्म आमच्याकडे नाही. मग आम्ही साध्या कागदावर लिहितो, दोन प्रती करतो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही. ती पोच बाई सोबत फडावर नेत नाही, ती माझ्याकडे राहते, कारण उद्या कुणी अंगठा जुळलाय म्हणून सांगितलं तर ती दाखवायला लागणार आहे.